सह्याद्रीत पहिल्यांदा ट्रेकला निघताना: सुखरूप जाऊन परतण्यासाठी करावयाची तयारी

नव्या मंडळींना गडवाटांवर नेण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. या काळात जे अपघात जवळून कळले, त्यांतले बहुतेक अवघड सुळक्यांवर झाले नव्हते. ते ओल्या कातळावर, ओढ्याच्या काठावर, उतरणीच्या घसाऱ्यावर (म्हणजे मुरूम आणि सुट्या खड्यांच्या उतारावर) आणि अंधारात चुकलेल्या वाटेवर झाले होते, म्हणजे अगदी साध्या समजल्या जाणाऱ्या जागी. त्यांच्या मुळाशी पुन्हा पुन्हा एकच कारण दिसते: निघायला झालेला उशीर आणि वेळेवर मागे न फिरणे. म्हणून या लेखात सामानापेक्षा निर्णयांविषयी अधिक सांगितले आहे. महागडे बूट नसले तरी चालते, पण दुपारी किती वाजता माघारी वळायचे हे ठरलेले नसेल, तर बाकीची सारी तयारी अपुरी पडते.

१. गडाबरोबरच वाटही निवडा

'हरिश्चंद्रगड सोपा आहे का?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाचनईकडून जाणारी वाट नवख्या माणसालाही झेपते. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांब आहे आणि खिंडीच्या वर तिच्यावर कातळाचा चढ लागतो. कोकणातून थेट चढणारी नळीची वाट अनुभवी गिर्यारोहकांची आहे. सैल दगडधोंडे आणि उभे कातळटप्पे यांमुळे तिथे दोर व जाणकार सोबती यांच्याशिवाय पाऊल ठेवू नये. गड एकच, पण वाटांच्या अवघडपणात जमीन-अस्मानाचे अंतर. खांडसहून भीमाशंकरला जाण्याचेही तसेच आहे. गणेश घाट लांबचा पण सौम्य आहे, तर शिडी घाटात कातळाला लावलेल्या शिड्या आणि बाजूला मोकळी दरी असते. पावसात ती वाट नवख्यांनी वर्ज्य मानावी.

पहिल्या काही ट्रेकसाठी मळवली स्थानकापासून जवळ असलेला, जवळजवळ सगळा पायऱ्यांचा लोहगड, हिवाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीची लांब पण फारशी चढण नसलेली चाल, किंवा पाली दरवाजाच्या बाजूने राजगड ही निवड योग्य ठरते. गुंजवणे गावातून चोर दरवाजाने जाणारी राजगडाची वाट अधिक उभी आहे, त्यामुळे ती नंतरसाठी ठेवावी. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर बारी गावातून चढता येते आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. दम मात्र चांगलाच लागतो. हरिहरच्या उभ्या कातळकोरीव पायऱ्या, कलावंतीण दुर्ग आणि अलंग-मदन-कुलंग हे त्रिकूट यांची छायाचित्रे कितीही खुणावत असली, तरी पहिल्या वर्षी त्यांच्याकडे वळू नये.

वाट ठरवताना 'सोपी, मध्यम, कठीण' या शिक्क्यावर विसंबू नका, कारण तो शिक्का कोणत्या ऋतूत आणि कोणाच्या क्षमतेवरून मारला आहे हे कळत नाही. त्याऐवजी तिथे जाऊन आलेल्या माणसाला तीन गोष्टी विचारा: पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढाई किती मीटरची आहे, पाय घसरला तर थेट दरीत पडण्याची भीती असलेली जागा वाटेत कुठे आहे, आणि पिण्याचे पाणी या महिन्यात कुठपर्यंत मिळते.

२. ऋतू आणि हवामान पाहून दिवस ठरवा

सुरुवात करण्यासाठी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. कातळ कोरडा असतो, वाटा दिसतात आणि ऊन सोसवते. अनेकांचा पहिला ट्रेक मात्र पावसाळ्यातच होतो, कारण डोंगर हिरवे असतात आणि सगळेच निघालेले असतात. पावसाळ्यात जायचेच असेल, तर पायऱ्यांचे, मोठा ओढा ओलांडावा न लागणारे गड निवडा.

शहरातल्या खिडकीतून दिसणाऱ्या पावसावरून घाटमाथ्याचा अंदाज बांधणे ही पावसाळ्यातली सर्वांत मोठी फसगत आहे. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला तो पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. म्हणून भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात आपल्या जिल्ह्याच्या घाट भागासाठी वेगळा इशारा दिला आहे का, ते आदल्या संध्याकाळी आणि निघण्यापूर्वी असे दोनदा पाहावे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस, अशी विभागाची वर्गवारी आहे. नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर ट्रेक रद्द करावा आणि त्यावर गटात चर्चासुद्धा करू नये. पिवळ्या इशाऱ्यातही नवख्यांनी ओढे-धबधबे असलेल्या वाटा टाळाव्यात. 'मौसम', विजेसाठी 'दामिनी' आणि आपत्तीच्या सूचनांसाठी 'सचेत' ही सरकारी ॲप मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

विजेचा धोका भर पावसाळ्यापेक्षा त्याच्या आधी आणि नंतर, म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात, दुपारनंतर अधिक असतो. त्या महिन्यांत पहाटे निघून दुपारपूर्वी माथा सोडावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. अशा वेळी माची, बुरूज, एकटे झाड, लोखंडी कठडे आणि शिड्या यांपासून दूर व्हावे, गटाने एकत्र गोळा न होता अंतर ठेवून सखल जागी जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

३. परवानग्या आणि कागदपत्रे

काही गड अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात येतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनविभाग प्रवेशशुल्क घेतो. वासोट्याला जाण्यासाठी बामणोलीला वनविभागाची परवानगी घेऊन शिवसागर जलाशयातून नावेने पलीकडे जावे लागते, संध्याकाळपूर्वी परतावे लागते आणि पावसाळ्यात तो बंद असतो. याशिवाय पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर आणि गडांवर जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली बंदीचे आदेश काढतात. बंदी असताना आडवाटेने जाण्याचा मार्ग सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नये, कारण त्या आडवाटेवर अपघात झाला तर तुम्ही तिथे आहात हे कोणालाच ठाऊक नसते.

जवळ ठेवण्याची कागदपत्रे अशी:

– आधार किंवा दुसरे छायाचित्र असलेले ओळखपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत.
– वनविभागाची पावती किंवा परवानगीपत्र लागत असल्यास ते.
– आरोग्यविम्याचे कार्ड किंवा त्याची प्रत.
– एक जाड कागदी चिठ्ठी, जिच्यावर नाव, रक्तगट, ॲलर्जी, नियमित औषधे आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक लिहिलेले असतील. बेशुद्ध माणसाचा मोबाइल कुलूपबंद असतो, म्हणून ही चिठ्ठी कागदावरच हवी.

आणि एक कागद घरी ठेवायचा. त्यावर गडाचे व पायथ्याच्या गावाचे नाव, चढण्याची आणि उतरण्याची वाट, सोबत्यांची नावे व क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही, तर हालचाल सुरू करावी' अशी ठरलेली वेळ लिहावी. 'मित्रांबरोबर लोणावळ्याकडे चाललो आहे' एवढेच सांगून निघालेल्या माणसाचा शोध कोणत्या डोंगरापासून सुरू करायचा, हे कोणालाच ठरवता येत नाही.

४. सोबत कोणाची घ्यावी

एकट्याने जाऊ नये. चार ते आठ जणांचा गट उत्तम, आणि त्यातील निदान एकाने ती वाट अलीकडेच केलेली असावी. तसे कोणी नसेल, तर पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्यावा. गावातल्या माणसाला कुठल्या ओढ्याला काल किती पाणी होते, कुठे दरड आली आणि कोणत्या टाक्याचे पाणी पिण्यासारखे आहे हे ठाऊक असते. ही माहिती मोबाइलवर मिळत नाही. मेहनताना आधीच बोलून ठरवावा आणि त्यात घासाघीस करू नये. वाटेत भेटलेल्या गावकऱ्यांना 'किती वेळ लागेल' असे विचारले, तर मात्र त्यांच्या पायाच्या हिशेबाने उत्तर मिळते. 'अर्ध्या तासात पोचाल' असे मामांनी सांगितले, की आपला तास-सव्वा तास धरावा.

पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या गटाबरोबर जात असाल, तर आधी नीट चौकशी करा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले असून, त्यानुसार अशा आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी अपेक्षित आहे. ती आहे का, हे सरळ विचारावे. किती लोकांमागे किती नेते असतील, शेवटच्या माणसाच्या मागे कोण चालेल, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे आणि हवामान बिघडले तर पैसे परत मिळतील का, हेही विचारा. नेत्याने उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था अशा ठिकाणचा अभ्यासक्रम केला असेल तर चांगलेच, पण त्या विशिष्ट वाटेचा अनुभव त्याहून महत्त्वाचा आहे. साठ-सत्तर जणांना एका बसमधून आणून दोन पोरसवदा नेत्यांच्या हवाली करणारा ट्रेक कितीही स्वस्त असला, तरी घेऊ नये. रद्द झाल्यास पैसे बुडतील या भीतीने माणसे लाल इशाऱ्यातही निघतात, म्हणून परताव्याचा प्रश्न सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

५. शरीर तयार करा

निदान महिनाभर आधी आठवड्यातून चार दिवस भरभर चालणे आणि जिने चढणे-उतरणे सुरू करावे. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर पाच किलो वजन घ्यावे. रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि ते गटप्रमुखाला सांगावे. संकोचाने लपवू नये. आदल्या रात्री झोप हवी. रात्रभर प्रवास करून, न झोपता पहाटे चढायला लागणे ही शहरी ट्रेकची रूढ पद्धत झाली आहे. ती मला अत्यंत धोक्याची वाटते, कारण उतरताना नेमका तोल जातो तो झोप न झालेल्या माणसाचा.

६. पाठपिशवीत काय असावे

एका दिवसाच्या ट्रेकसाठी पंचवीस-तीस लिटरची पाठपिशवी पुरते. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, म्हणून खांद्याला अडकवायची झोळी किंवा हातातली पिशवी नको.

– पाणी: हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार ते पाच लिटर. वाटेत पाणी आहे असे कोणी सांगितले, तरी हे प्रमाण कमी करू नये.
– ओआरएसची चार पाकिटे. एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात मिसळायचे असते. अर्ध्या बाटलीत ओतू नये.
– खाणे: जेवणाचा डबा, शिवाय चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे, आणि शेवटपर्यंत न उघडण्याचा एक राखीव पुडा.
– डोक्याला बांधायचा टॉर्च, प्रत्येकाचा स्वतःचा, नव्या बॅटऱ्यांसह. दिवसाचा ट्रेक असला तरी तो हवाच. मोबाइलच्या उजेडात उतरू नये, कारण त्यात एक हात अडकतो आणि बॅटरीही संपते.
– शिट्टी, छोटा चाकू, काडेपेटी, पाच-सहा मीटर मजबूत दोरी.
– प्रथमोपचार: जंतुनाशक, बँडेज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, दुखण्यावरची आणि ॲलर्जीवरची गोळी, स्वतःची नेहमीची औषधे.
– पावसाळ्यात रेनकोट आणि पाठपिशवीच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी. छत्री वाऱ्यात कड्याजवळ घातक ठरते.
– हिवाळ्यात कानटोपी आणि एक गरम कपडा. उन्हाळ्यात रुंद काठाची टोपी आणि पंचा.
– पॉवर बँक, आणि त्या परिसराचा ऑफलाइन नकाशा मोबाइलमध्ये उतरवलेला.

बुटांचा तळवा खोल नक्षीचा आणि मऊ रबराचा असावा. गुळगुळीत झालेले धावण्याचे बूट कोरड्या रस्त्यावर ठीक असतात, ओल्या कातळावर ते बर्फासारखे घसरतात. नवे बूट निदान दोन आठवडे पायात घालून फिरल्याशिवाय डोंगरावर नेऊ नयेत. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही, म्हणून पातळ, लवकर वाळणारी पूर्ण लांबीची पँट घालावी. पूर्ण बाह्यांचा सदरा कारवीच्या फांद्यांपासून, उन्हापासून आणि कीटकांपासून वाचवतो.

७. परत फिरण्याची वेळ आधी ठरवा

या टप्प्यावर मी सर्वाधिक भर देतो. माथा गाठल्यावर ट्रेक अर्धाच झालेला असतो. थकलेल्या पायांनी करायची उतराई अजून उरलेली असते.

हिशेब असा करावा. नवख्या गटाची चढण्याची गती तासाला साधारण तीनशे मीटर धरावी. कळसूबाईसाठी बारीपासून आठशे ते नऊशे मीटर चढायचे असतात, म्हणजे सुमारे तीन तास. उतरायला अडीच तास. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यातून उतराईचे अडीच तास वजा करा आणि मुरगळलेला पाय, चुकलेली वाट, शिड्यांवरची गर्दी यांसाठी आणखी दोन तास वजा करा. उरते दीड. म्हणजे दुपारी दीड वाजता गट जिथे असेल तिथून परत फिरायचे, मग शिखर समोर दहा मिनिटांवर दिसत असले तरीही. ही वेळ पायथ्याशी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावी, कारण वर गेल्यावर उत्साहाच्या भरात ती बदलण्याचा आग्रह हमखास होतो आणि एकट्या गटप्रमुखाला तो मोडून काढणे जड जाते.

दीडला माथ्यावर असायचे असेल, तर नऊ वाजता निघूनही चालेल असे कोणी म्हणेल. तसे करू नये. सहा-सातला चढायला लागावे. सकाळची हवा थंड असते, पाणी कमी लागते, गर्दीच्या आधी शिड्या पार होतात आणि ठरलेल्या वेळेआधी उतरायला लागता येते. वेगाचे माप गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचे असावे आणि त्याला पुढून दुसऱ्या क्रमांकावर चालवावे. तो मागे राहिला, तर पुढचे विश्रांती घेऊन त्याच्या येण्याबरोबर पुन्हा उठतात आणि दमलेल्याला विश्रांतीच मिळत नाही.

शेवटच्या एसटीचा दबावही ओळखून ठेवा. साडेपाचची गाडी गाठायची म्हणून घसाऱ्यावरून धावत उतरलेली मुले मी पाहिली आहेत. गाडी चुकली तर गावात मुक्काम कुठे करता येईल, याची विचारपूस सकाळीच करून ठेवली की ही घाई राहत नाही.

८. चालताना

चढताना छोटी पावले टाकावीत आणि बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. उतरताना गुडघे किंचित वाकवून, पूर्ण तळवा टेकवत, नजर पुढच्या तीन-चार पावलांवर ठेवून यावे. घसाऱ्यावर शरीर मागे रेलले की पाय निसटतो. वजन पायांवरच राहू द्यावे, गरज पडल्यास खुशाल बसून उतरावे. सुकलेले गवतही तितकेच निसरडे असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

कातळटप्प्यावर आणि शिडीवर दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत. शिडीवर एका वेळी एकच माणूस. हात घालण्यापूर्वी खोबणीत पाहावे, कारण तिथे साप किंवा विंचू असू शकतो, आणि दगड धरण्यापूर्वी तो हलतो का ते तपासावे. गवताचा किंवा झुडपाचा आधार वजनासाठी घेऊ नये. जुने लोखंडी कठडे आणि कोणीतरी सोडून गेलेले दोर यांवरही भार टाकू नये. वरून दगड सुटला, तर 'दगड!' असे जोराने ओरडावे. खालच्यांनी वर न पाहता कड्याच्या भिंतीला चिकटावे.

छायाचित्र काढताना चालणे पूर्ण थांबवावे. कड्यापासून निदान दोन माणसांच्या उंचीएवढे अंतर ठेवावे आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी पालथे झोपूनच खाली पाहावे. पाठ दरीकडे करून मागे सरकत सेल्फी घेणाऱ्या सोबत्याला तिथल्या तिथे थांबवणे हे गटातील प्रत्येकाचे काम आहे. त्यात भिडस्तपणा ठेवू नये.

९. वाहत्या पाण्यापासून सावध राहा

पोहता येते म्हणून वाहत्या पाण्यात वाचू, हा समज सोडून द्यावा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी वाढताना ते प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते. डोंगरात पाणी असेच वाढते: तुमच्या डोक्यावर पाऊस नसतो, पण वरच्या पठारावर तो पडलेला असतो आणि काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या वाहून येणे, वरून घरघर ऐकू येणे ही लक्षणे दिसली की सामान सोडून लगेच उंच काठावर जावे.

गुडघ्याच्या वर आलेले किंवा तळ न दिसणारे वेगवान पाणी ओलांडू नये. सकाळी सहज पार केलेला ओढा दुपारी अडवू शकतो, म्हणून परतीच्या वाटेवर ओढा असेल तर वरची पावसाची स्थिती पाहत राहावी. ओढा अडला, तर काठावर थांबावे. पाऊस ओसरल्यावर असे ओढे बहुधा काही तासांत उतरतात. धबधब्याखाली उभे राहू नये, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. कुंडात उडी मारू नये. आणि साम्रदच्या सांदण दरीसारख्या अरुंद घळीत पावसाळ्यात उतरूच नये, तिथून पळायला बाजूच नसते.

१०. वाट चुकली तर

पदरातल्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरच्या रानात गुरांच्या पायवाटा खऱ्या वाटेइतक्याच रुळलेल्या असतात. या ढोरवाटा पसरत जातात आणि मध्येच विरतात. दहा-पंधरा मिनिटे बाण, दगडांची रास, पायऱ्या किंवा चपलांचे ठसे यांपैकी काहीच दिसले नाही, तर थांबावे. सगळ्यांनी एकत्र बसावे, पाणी प्यावे आणि शेवटची नक्की ओळखीची जागा कुठली होती हे ठरवून तिथपर्यंत आल्या वाटेने परत जावे. वाट शोधायला चारही दिशांना माणसे पांगवू नयेत, त्यातून एका चुकलेल्या गटाचे चार होतात.

'ओढ्याच्या कडेने उतरले की गाव लागते' हा सल्ला सह्याद्रीत जीवघेणा आहे. हा डोंगर लाव्ह्याचे थर एकावर एक साचून घडला आहे, त्यामुळे त्याची ठेवण पायऱ्यांसारखी आहे: सपाट पदर, मग उभा कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा. ओढा यातल्या प्रत्येक कड्यावरून उडी घेतो. त्याच्या पात्रातून उतरणारा माणूस एखादा छोटा टप्पा घसरत खाली येतो, पुढे शंभर-दोनशे मीटरचा कडा लागतो आणि मागे चढून जाता येत नाही. म्हणून उतरण्यापेक्षा मोकळ्या, दिसणाऱ्या डोंगरधारेवर परतावे.

अंधार पडला किंवा दाट धुके आले, तर कड्यापासून दूर, वाऱ्याआड जागा पाहून तिथेच बसावे. सगळे कपडे अंगावर चढवावेत, एकमेकांना चिकटून बसावे. थंडीत काढलेली एक रात्र त्रासाची असते, पण अंधारात टाकलेले पाऊल जिवावर बेतते.

११. मधमाश्या, साप आणि ऊन

गडांच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांवर आग्या मोहोळे असतात. उग्र अत्तर, धूर, फटाके, आरडाओरडा आणि दगडफेक यांनी त्या माश्या चवताळतात. पोळे दिसले की शांतपणे दूरून जावे. हल्ला झाला तर हात हलवत उभे न राहता डोके-तोंड कापडाने झाकून, पायाखाली पाहत दूर पळावे. पाण्यात उडी मारू नये. नंतर काटे नखाने खरवडून काढावेत. ओठ सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसली, किंवा दंश खूप झाले, तर लगेच रुग्णालय गाठावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. दंश झाल्यास माणसाला बसवावे, धीर द्यावा, अंगठी-घड्याळ-बूट काढावेत आणि दंशाचा अवयव फळीने किंवा काठीने बांधून हलू देऊ नये. जखम कापणे, विष चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांतले काहीही करू नये. दंशाची वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णाला शक्यतो उचलून खाली आणावे. साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे दिली जाणारी प्रतिविषाची लस या चारही सापांच्या विषावर चालते. जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि तिथे ही लस आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

मार्चनंतर उष्माघात खरा शत्रू ठरतो. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही सुरुवात. सावलीत बसवून ओआरएस द्यावे आणि ट्रेक तिथेच संपवावा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग फार तापले, तर डोके, मान, काखा पाण्याने भिजवून वारा घालत राहावे आणि मदत मागवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

१२. अपघात झाल्यावर मदत कशी मागवावी

प्रथम उरलेल्यांनी स्वतःला सुरक्षित जागी आणावे. पडलेल्या माणसाकडे घाईने उतरताना दुसरा अपघात होतो. मान किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर त्याला हलवू नये. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने सलग दाबून धरावे.

मग ११२ हा क्रमांक लावावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज नसेल, तर एकाने उंच, मोकळ्या पण सुरक्षित जागी जाऊन पुन्हा प्रयत्न करावा. आवाज पोचत नसला तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. सांगायचे ते या क्रमाने: गडाचे व पायथ्याच्या गावाचे नाव, कोणत्या वाटेवर आहात, नकाशातील अक्षांश-रेखांश, जखमींची संख्या व स्थिती, आणि फोन करणाऱ्याचा क्रमांक. त्यानंतर तो फोन गप्पांसाठी किंवा चित्रीकरणासाठी वापरू नये, बॅटरी राखावी. पायथ्याच्या गावात ओळख झालेल्या माणसालाही कळवावे, बहुतेक वेळा पहिली मदत गावातूनच चढते. महाराष्ट्रात डोंगरी बचावकार्याचा समन्वय करणारे महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी स्वयंसेवी पथके पोलिसांबरोबर काम करतात. त्यांचे क्रमांक निघण्यापूर्वी चिठ्ठीवर उतरवून ठेवावेत.

शिट्टीने किंवा टॉर्चने खूण करायची ती मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. ही जगभर मानली जाणारी संकटाची खूण आहे; मिनिटाला तीन वेळा आलेले उत्तर म्हणजे ती पोचली. पथक येईपर्यंत जागा बदलू नये. नाइलाजाने हलावे लागलेच, तर कोणत्या दिशेने गेलात हे चिठ्ठी लिहून दगडाखाली ठेवावे.

१३. खाली उतरल्यावर

पायथ्याशी आल्यावर डोकी मोजावीत, मगच गाडीत बसावे. गटातील शेवटचा माणूस मागे राहिल्याचे गाडी सुटल्यावर लक्षात येण्याचे प्रकार मोठ्या गटांत घडतात. वाटाड्याला आणि वनविभागाच्या चौकीवर उतरल्याचे सांगावे. गाडी चालवणाऱ्याने निघण्यापूर्वी अर्धा तास तरी डोळे मिटून पडावे, कारण थकलेल्या चालकाचा रात्रीचा घाटरस्ता गडवाटेइतकाच धोक्याचा असतो.

रेंज येताच घरी फोन करावा. ज्याच्याकडे तो कागद दिला आहे, त्यानेही त्यावरची वेळ पाळावी: ठरलेली वेळ टळली तर आधी गटातील सर्वांचे क्रमांक लावावेत, मग गावातील माणसाचा किंवा वाटाड्याचा, आणि तासाभरात काहीच कळले नाही तर ११२ ला फोन करून कागदावरची सगळी माहिती वाचून दाखवावी.